डावा हात, चार किलो

तार्तूत जानेवारीत नऊ वाजता उजाडतं, तेही अर्धवट.
तळघरातल्या प्रयोगशाळेला त्याचं काही नाही.
मी लेइदाबाईंच्या डोक्यावर टोपी चढवतो,
चौसष्ट भोकांची, हनुवटीखाली पट्टा,
आणि भोकाभोकात बोथट सुईनं थंडगार जेल.
"केक सजवतोयस की काय?"
चाळीस वर्षं व्होरूच्या बेकरीत
राईचं काळं पीठ मळलेली बाई.

पुढ्यात पकड मोजायचं यंत्र.
सायकलच्या ब्रेकसारखं, पण दाबलं तरी हलत नाही.
समोर हिरवी खूण, तिथवर बळ न्यायचं,
सहा सेकंद धरायचं, सोडायचं.

आधी उजवा.
सगळी ताकद: एकतीस किलो.
(माझी चौतीस. हे मी सांगत नाही.)
मग त्याचा पाचवा हिस्सा. मग निम्मी.
मग जवळजवळ सगळी, पुन्हा.

दुसरा पडदा फक्त मला दिसतो.
तिथे मेंदूची रेघ चालते.
मूठ हलकी असली की जरा ओळखीची,
पुढचं वळण मागच्यावरून सांगावं अशी,
गोठलेल्या एमायोगीवर
रोजच्या माणसाची पायवाट.
मूठ आवळली की बिथरते.
लाट लाटेसारखी राहत नाही,
काट्याला काटा फुटतो, त्याला आणखी बारीक,
आणि कोपऱ्यातला आकडा,
गुंत्याचा आकडा म्हणू त्याला,
एक पूर्णांक चार, पाच,
सहा.

बळ म्हणजे सरळ गोष्ट असं मला वाटायचं.
दोर ताणला की दोर सरळ होतो.
इथे हात ताठ होत जातो
आणि आत कुणीतरी मांजरापुढे लोकरीचा गुंडा टाकतं.
कितीजणांना उठवावं लागत असेल एका मुठीसाठी!
सगळे एका सुरात ओरडले तर हात नुसता थरथरेल,
म्हणून जो तो आपापल्या वेळेला, आपापल्या बोलीत.
हे आपलं माझं म्हणणं.
डॉक्टर काद्री म्हणतात, असलं काही अहवालात लिहू नकोस.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
आम्ही ती वरून, कवटीकडून उघडतो.
किंमत: एक पूर्णांक सहा.

मग डावा.
अकरा वर्षांमागे कणकेच्या यंत्रात सापडलेला.
मनगट वाकडं, दोन बोटं ऐकत नाहीत.
"हा घ्यायलाच हवा का?"
कागदावर दोन्ही लिहिलेत.
त्या दाबतात.
ओठ आत जातात, मान लाल होते,
खुर्चीचा पाय कुरकुरतो.
चार किलो.
"अजून थोडं."
चार.

आणि दुसऱ्या पडद्यावर
मी आधी वायर तपासतो.
मग दात आवळले होते का, डोळे मिटले होते का,
तेवढा भाग कापून पुन्हा मोजतो.
तोच गुंता.
उजव्याच्या एकतीस किलोंचा,
काट्याला काटा.

नियम असा, की दहा किलोंखालचा हात
हिशेबातून वगळावा.
मी खूण करतो. डाव्या हाताची ओळ करडी पडते.

"काय दिसलं?"
"दोन्ही हात सारखेच."
त्या यंत्राच्या काचेकडे बघतात, जिथे अजून चार आहे,
मग माझ्याकडे.
"चांगल्या घरचा आहेस," त्या म्हणतात,
"पण खोटं बोलता येत नाही तुला."

बेसिनपाशी वाकून जेल धुतात. पाणी कोमटच येतं.
दोन चाळीसची बस आहे, बर्फात उशीर होईल, नाही होणार,
केस ओलेच, वर लोकरी टोपी.
पिशवीतून कापडात गुंडाळलेला पाव काढून
माझ्या कीबोर्डशेजारी ठेवतात.
"यातला निम्मा डाव्यानं मळलाय. म्हणून जरा बसका."

संध्याकाळी, म्हणजे साडेतीनला, भूक लागली.
तळघरात सुरी नव्हती.
तोडायला दोन्ही हात लागले.